गैरहजरांची हजेरी

"शाळा वर आहे. खाली चादरी आहेत. तुम्हाला नक्की काय धुऊन पाहिजे ते आधी ठरवा," असं म्हणून काकीने प्रेसचं झाकण खाली ओढलं.

दारात उभ्या माणसाच्या चष्म्यावर वाफ बसली. त्याने चष्मा पुसला, घातला, तर पुन्हा वाफ. काखेत फाईल, पायात नवे कोरे बूट, आणि सकाळी सकाळी कुणीतरी वाईट बातमी सांगायला पाठवलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

"मी शिक्षण खात्यातून आलोय. मूल्यमापन करायचंय. पटसंख्या, खर्च, निकाल, असं सगळं बघून अहवाल द्यायचा आहे."

"म्हणजे बंद करायला आलात."

"तसं काही नाही, बाई."

"बाई वर आहेत. मी काकी. आणि तसंच असतं. चालू ठेवायची असली तर बघायला कोण कडमडतंय? जिना बाहेरून आहे. तिसरी पायरी हलते. वर बूट काढावे लागतात, मोजे फाटके असतील तर आत्ताच बघून घ्या."

साहेबांनी खरंच खाली पाहिलं. काकीला तेवढं पुरलं. दिवस चांगला सुरू झाला होता.

ही इमारत एके काळी सार्वजनिक धुलाईघर होती. धुलाईघर बंद पडलं तेव्हा खालचा मजला काकीच्या सासूने लाँड्रीसाठी भाड्याने घेतला आणि वरचा मजला पुढे कित्येक वर्षांनी सरकारने शाळेला दिला. शाळा म्हणजे काय, एक दालन आणि दोन खोल्या. दुसऱ्या शाळांतून सुटलेली, काढलेली, कंटाळून पळालेली मुलं तिथे येत. कुणी पहाटे बाजारात ओझी वाहून यायचं, कुणी कडेवर मूल घेऊन. विशीतले, पंचविशीतलेही असत. कुठवर शिकलास असं तिथे विचारत नसत, कुठे सुटलं ते विचारत. काकीच्या बॉयलरमुळे वरची फरशी बारा महिने कोमट असायची, म्हणून सगळे अनवाणी बसत. उन्हाळ्यात वर्गाची भट्टी व्हायची आणि मुलं खिडकीतून काकीच्या नावाने ओरडायची. काकी खालून त्यांच्या सात पिढ्यांचा हिशेब काढायची. दोन्हीकडून प्रेमाचाच मामला होता.

जिन्याच्या भिंतीवर खुंट्या होत्या. पहिल्या दिवशी येणाऱ्याने आपली खुंटी आपण आणायची आणि आपल्या हाताने ठोकायची. कुणी वाकवलेला चमचा ठोकला होता, कुणी सायकलचं पायडल, कुणी नळाची चावी. मूल शाळेतून गेलं तरी खुंटी काढत नसत. त्यामुळे भिंत खालपासून छतापर्यंत भरली होती आणि पिशव्या मात्र थोड्याच खुंट्यांना लटकत होत्या.

त्यातली एक खुंटी काकीच्या नातीची होती. नातीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कधी रिकाम्या हाताने चाललेली कुणी पाहिली नव्हती. आईच्या आजारपणात मुंगी वर्षभर तिच्या उशाशी बसली. आई गेली. दिवस झाल्यावर पोरगी मोठ्या शाळेत परत गेली, तर तिचं नाव पटावरून कधीच उडवलेलं. तिला दोन इयत्ता खाली बसायला सांगितलं. मुंगी दप्तर घेऊन घरी आली आणि काही न बोलता प्रेसपाशी उभी राहिली. काकीने तिला दंडाला धरून जिन्याने वर नेलं. "या प्रेसपाशी आमच्या घरातल्या तीन बाया उभ्या राहिल्या," ती बाईंना म्हणाली होती. "चौथी नको. हिला वर ठेवा."

त्याला आता दोन वर्षं होत आली. मुंगीची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. आणि हे आले मूल्यमापनवाले.

काकीने ड्रायर बंद केला. जुना वाफेचा पाइप काढून टाकला होता तरी त्याचं भोक छतात तसंच होतं आणि वरचं बोलणं त्यातून सरळ खाली पडायचं. काकी वर्षानुवर्षं प्रेस करता करता शाळा ऐकत आली होती. मशीन मध्येच चालू व्हायचं, म्हणून तिला प्रत्येक धडा अर्धाच ठाऊक होता. लढाया कशामुळे झाल्या हे तिला माहीत होतं, जिंकलं कोण ते नाही.

"बाई, पाच वर्षांत पट निम्म्यावर आलाय," साहेब सांगत होते. आवाज वाईट नव्हता, हे काकीला कबूल करावं लागलं. "एका मुलामागे खर्च मोठ्या शाळेच्या दुप्पट. आणि गळती तर विचारूच नका. दर वर्षी इतकी मुलं सोडून जातात."

"सोडून जात नाहीत," बाई म्हणाल्या. "मी नेऊन सोडते. मूल स्थिरावलं, अभ्यासाला लागलं की मी त्याला हाताला धरून मोठ्या शाळेत बसवून येते. तिथे प्रयोगशाळा आहे, मैदान आहे. इथे काय आहे? गरम फरशी."

"पण मग ती पास होतात तेव्हा तिथली म्हणून मोजली जातात."

"हो."

"आणि इथे गळती म्हणून."

"हो. पण ती गेली कुठे, ते विचारा ना."

"त्याला माझ्याकडे रकाना नाही, बाई." फाईल मिटल्याचा आवाज आला. "मी सोमवारी पटपडताळणीला येतो. त्या दिवशी खुर्च्यांवर जितके, तितके धरणार. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या निघाल्या तर याच सत्रात शाळा मोठ्या शाळेत विलीन होईल."

याच सत्रात. काकीच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

रात्री जेवताना तिने विचारलं, "मुंगे, समजा तुला परत मोठ्या शाळेत पाठवलं तर?"

"दोन इयत्ता खाली?"

"समज."

"मग मी प्रेसवर उभी राहीन, आजी." मुंगी चिडली नाही, रडली नाही. मीठ मागावं तशी बोलली. काकीला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून काकी कामाला लागली. आधी बेकरीत गेली. बेकरीवाला वरच्याच शाळेतला. ओव्हनमध्ये तोंड घालून बसला होता.

"सोमवारी सकाळी शाळेत येऊन बसायचं," काकीने हुकूम सोडला.

"काकी, मला दोन पोरं आहेत."

"मग? त्यांना काय सांगू नकोस, झालं. नुसतं खुर्चीवर बसायचंय. बसायची तर तुला पहिल्यापासून आवड."

हॉस्पिटलच्या चादरी पोचवायला गेली तेव्हा नर्सला पकडलं. ती म्हणाली, रात्रपाळी करून येईन पण डोळा लागला तर उठवा. मोठ्या शाळेच्या फाटकाबाहेर दोन पोरं गाठली. ती तर एक दिवस बुडवायला मिळतोय म्हणून टाळ्या देत आली. वाटेत आणखी तीन-चार जुनी पोरं गोळा केली. शेवटी बस डेपो. बसवाला चांगला तिशीपार, अंगाने भरलेला, ओठावर झुपकेदार मिशा.

"मिशा काढून ये," काकी म्हणाली.

"काकी, मिशा काढल्या तर बायको घरात घेणार नाही."

"बरं, राहू दे. पण मफलर गुंडाळ. तू टोपीच्या खुर्चीत बसायचं. टोपी म्हणजे तो एक पोरगा आहे, कायम टोपी घालणारा. नाव विचारलं तर मान डोलवायची. तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलंस तर वास येतो तंबाखूचा."

घरात हे फक्त काकीच्या मुलाला माहीत होतं. मुंगीचा बाप, लाँड्रीची गाडी चालवायचा. तो गाठोडी चढवता चढवता म्हणाला, "आई, हे खोटं आहे."

"कसलं खोटं? त्या शाळेत शिकलेली माणसं त्या शाळेत बसणार. उलट यांना कुठल्या तरी भलत्या शाळेत नेऊन बसवलं असतं तर खोटं."

"बाईंना सांगितलंस?"

"बाईंना सगळं सांगत बसायचं नसतं. त्यांना काम असतं."

"मुंगीला?"

काकीने गाडीचा दरवाजा इतक्या जोरात लावला की आरसा हलला. "तू गाडी चालव."

सोमवारी साहेब बूट काढून, यावेळी न फाटलेले मोजे घालून वर आले. बाई त्यांना घेऊन दालनात शिरल्या आणि जागच्या जागी थबकल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर खडूने नाव होतं, आणि एकही खुर्ची रिकामी नव्हती. मुंगी पुढच्या रांगेत होती. तिची मान मागे वळली, पुन्हा पुढे झाली, पुन्हा वळली. तिच्या मागे नर्स पांढऱ्या कपड्यांवर शाल पांघरून पेंगत होती. बेकरीवाल्याच्या भुवयांवर पीठ होतं. खिडकीजवळ मफलरात बुडालेला बसवाला लहानशा खुर्चीत असा अडकला होता की तो उठला असता तर खुर्चीही उठली असती.

काकी दारात हाताची घडी घालून उभी होती. बाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. ती नजर काकीला आवडली नाही.

साहेबांनी कागद पुढे ओढला. "चांगलं आहे. मी मोजायला सुरुवात करतो."

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी आमची हजेरी होऊ द्या. रोजच्यासारखी."

या शाळेची हजेरी उलटी होती. हजर असलेल्याचं नाव बाई कधी घेतच नसत. हजर आहे तो दिसतोय की, त्याला कशाला हाक मारायची? हाक फक्त गैरहजरांना, तीही टोपणनावाने. नाव घेतलं की ज्याला ठाऊक असेल त्याने उभं राहून सांगायचं, तो कुठे आहे. आणि कुणालाच ठाऊक नसेल तर एकाने उठायचं, चपला घालायच्या आणि त्याला शोधायला निघायचं. तो जिना उतरला की मगच धडा सुरू. कितीही घाई असली तरी. ज्याने या शाळेत एक महिना काढला त्याच्या पायांना ही सवय लागलेली असायची. काकीने रोज वरून पडणारी ही हजेरी ऐकली होती. सगळा बेत रचताना तेवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

बाईंनी चेहऱ्यांवरून नजर फिरवली. "हमाल?"

"बाजारात आहे," बेकरीवाला ताडकन उभा राहिला. "आज कांद्याच्या गाड्या आल्यात. दुपारनंतर येईल." मग आपण उभे आहोत हे त्याच्या लक्षात आलं आणि तो हळूच खाली बसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो हमालाच्याच खुर्चीवर बसला होता.

"दिवटी?"

"तिच्या बाळाला ताप आहे, बाई," नर्स डोळे न उघडताच म्हणाली. "पहाटे आमच्याकडेच आणलं होतं. आता उतरलाय. ती उद्या येते म्हणाली."

दारात काकीने कपाळाला हात लावला. मुंगीचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय ते मागून कळत नव्हतं.

"टोपी?" बाई म्हणाल्या.

कुणी बोललं नाही.

"टोपी कुठे आहे, कुणाला माहीत आहे?"

खालच्या बॉयलरची घरघर पायाला जाणवत होती. आणि मग खिडकीजवळ खुर्ची करकरली. बसवाला उठला. खुर्ची त्याच्याबरोबर उठली, ती त्याने ओढून काढली, मफलर सोडला आणि मिशांवरून हात फिरवून म्हणाला, "मी बघून येतो, बाई. राहतो कुठे तो?"

"पण," साहेब म्हणाले, "टोपी तुम्हीच ना?"

बसवाल्याने काकीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. आणि त्याने मान डोलवली. आडवी.

पहिल्यांदा मुंगी हसली. मग सगळं दालन फुटलं. मोठ्या शाळेची दोन पोरं तर खाली फरशीवर लोळली. हसली नाहीत ती तिघंच: बाई, काकी आणि साहेब. साहेब हसू गिळत होते असं नंतर मुंगीचं म्हणणं होतं. काकीने ते कधी मान्य केलं नाही.

"जा," बाई बसवाल्याला म्हणाल्या. "पुलाच्या पलीकडे, गॅरेजच्या वर राहतो." बसवाला जिना उतरून गेला. तिसरी पायरी वाजली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "जे इथले नाहीत, त्यांनी उभं राहा."

सातआठ जण उभे राहिले.

"तुम्ही कोण?"

"बेकरी आहे माझी, पुढच्या वळणावर. मी इथे दीड वर्ष होतो. मग बाईंनी मोठ्या शाळेत नेऊन बसवलं."

साहेबांनी फाईल चाळली. "म्हणजे तुम्ही गळतीत आहात."

"गळती?" काकी दारातून गरजली. "अहो, हा इथे पावाच्या लादीसारखा फुगून उभा आहे, गळला कुठे?"

"काकी," बाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसा."

आजवर काकीला गप्प बस म्हणणारं माणूस जगात एकच होतं, तिची सासू, आणि तिला जाऊन जमाना झाला होता. काकी गप्प बसली.

साहेबांनी उभ्या असलेल्या प्रत्येकाला विचारलं. नर्स गळतीत होती. मोठ्या शाळेची दोन्ही पोरं गळतीत होती, गणवेशासकट. प्रत्येक जण सांगून बसत गेला. साहेबांनी मग बसलेले खरे विद्यार्थी मोजले. निम्म्याला थोडे कमी पडले. त्यांनी पुन्हा मोजले. आकडा तोच.

वर्ग सुटल्यावर खाली लाँड्रीत तिघं उभी होती. बाई, साहेब, काकी. मुंगी गाठोड्यांच्या मागे.

"आज जे घडलं ते मी लिहिलं तर खोटी पटसंख्या दाखवली म्हणून बाईंवर कारवाई होते," साहेब म्हणाले. "कळतंय का काकी तुम्हाला?"

"माझं नाव लिहा. मी केलं, मी भरीन."

"तुम्ही शाळेच्या कुणीच लागत नाही. नाव बाईंचंच लागणार."

काकी बाईंकडे वळली.

"मीच लिहून देते," बाई म्हणाल्या. "आज इतके हजर, इतके पाहुणे, पाहुणे कोण आणि का आले. खरं काय ते." मग काकीकडे वळल्या. "इतकी वर्षं या शाळेला कुणी गरीब म्हटलं, कुणी नापासांची म्हटलं. खोटी कुणी म्हटलं नव्हतं. ते तुम्ही आणलंत."

त्या गेल्या. जिना चढतानाचा त्यांचा आवाज पाइपाच्या भोकातून येत राहिला. काकीने एक चादर प्रेसवर टाकली आणि झाकण ओढलं. वाफेत तिचा चेहरा दिसला नाही.

"ऐका," ती साहेबांना म्हणाली. "हॉस्पिटलच्या चादरीला मी हॉटेलच्या चादरीपेक्षा जास्त दर लावते. डाग जास्त, मेहनत जास्त. ही पोरं दुप्पट खर्चाची आहेत म्हणता, तर काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही. पण तुम्हाला हॉस्पिटल जास्त देतं म्हणून तुम्ही लावता. आमच्याकडे एकच पिशवी आहे, काकी. इथे जास्त टाकलं की दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचं छप्पर गळतं. ते छप्परही मी बघून आलोय."

खरं बोलणाऱ्या माणसाचा काकीला फार राग यायचा, कारण त्याला शिव्या देता येत नाहीत.

"ठीक आहे," ती म्हणाली. "बंद करायची तर करा. पण टपालाने नको. तुम्ही स्वतः या आणि माझ्या तोंडावर सांगा."

"येईन," साहेब म्हणाले.

ते गेल्यावर मुंगी गाठोड्यांमागून बाहेर आली. "आजी, तू मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय? मग मला तुझं ऐकावं लागलं असतं." काकीने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. दोघींनी चादर ताणली, एकदा झटकली, दुमडली, जवळ आल्या, लांब गेल्या. "हसलीस मात्र," काकी म्हणाली.

"मान आडवी डोलवली गं त्याने," मुंगी म्हणाली, आणि चादर हातात धरूनच पुन्हा हसत सुटली.

साहेब महिन्याच्या शेवटी आले. दिलेला शब्द पाळला. पण दारातून आत येईनात, तेव्हाच काकीला समजलं. तिने ड्रायर बंद केला, हात पुसले आणि त्यांच्या पुढे जिना चढू लागली. या जिन्याने ती मुंगीला घेऊन आली होती, पटपडताळणीला आली होती, आणि आज.

वर बाई होत्या आणि वहीत तोंड घातलेली मुंगी.

"मी शेरा लिहिला होता," साहेब म्हणाले. "की इथून नेऊन बसवलेली मुलं गळतीत धरू नयेत, ती शाळेचं यश म्हणून मोजावीत. चांगला पानभर लिहिला होता."

"मग?" बाईंनी विचारलं.

"त्याखाली वरच्यांनी लिहिलंय, दखल घेतली."

"आणि?"

"दखल घेऊन बंद." त्यांनी आदेश पुढे केला आणि तोंडीच सांगितला. एक तारखेपासून नवे प्रवेश नाहीत. सध्या जे पटावर आहेत त्यांना इथेच शिक्षण पूर्ण करू द्यायचं, कुणालाही खालच्या इयत्तेत ढकलायचं नाही. शेवटचा विद्यार्थी बाहेर पडला की जागा खात्याच्या ताब्यात. बाईंवर कारवाई नाही, फक्त समज.

म्हणजे मुंगीची परीक्षा होणार होती. काकीने मुंगीच्या वहीकडे पाहिलं. मग तिची नजर दालनावर गेली. खुर्च्या, फळा, फरशीवर अनवाणी पायांनी पडलेला गुळगुळीत रस्ता. हमालाची अजून दोन वर्षं राहिली होती. दिवटीची तीन. त्यानंतर इथे कुणी नाही. त्यानंतर कुणाची पोरगी आईचं आजारपण काढून परत आली तर तिला घेऊन कुठला जिना चढायचा?

"एक तारीख कधी?" तिने विचारलं.

"परवा."

"म्हणजे आज दार उघडं आहे."

"कसलं?"

"प्रवेशाचं. वयाची अट काय?"

साहेबांना काही उलगडलं नाही. बाईंना उलगडलं. त्या खुर्चीत सरळ बसल्या.

"किमान वयाची आहे," साहेब सावकाश म्हणाले. "कमाल... लिहिलेलं नाही."

"आणि शेवटचा विद्यार्थी पूर्ण होईपर्यंत शाळा चालणार, असंच म्हणालात ना आत्ता? की तेही उद्या गळतीत काढाल?"

"काकी, तुम्ही किती शिकलाय?"

"किती ते इथे विचारत नाहीत. कुठे सुटलं ते विचारा. चौथीत सुटलं. आई बाळंत होती आणि घरात मीच मोठी होते." काकीने पदर खोचला. "माझं डोकं मंद आहे, साहेब. आधीच सांगते. गणित तर मला सात जन्म यायचं नाही. वेळ लागेल. खूप वेळ लागेल."

मुंगीने वही तोंडावर धरली होती. वहीच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते.

"हे वर चालेल असं मी सांगू शकत नाही," साहेब म्हणाले. "ते दुसरा आदेश काढतील."

"काढू दे. तोवर माझे चार धडे होतील. लढाई कोण जिंकलं ते तरी कळेल."

साहेबांनी चष्मा काढला. इथे वाफ नव्हती, तरी पुसला. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

बाई बराच वेळ काकीकडे बघत होत्या. पटपडताळणीच्या दिवसापासून त्या काकीशी बोलल्या नव्हत्या. चहाचा कप वर जायचा, रिकामा खाली यायचा, शब्द नाही.

"खोटं चालणार नाही," त्या म्हणाल्या. "नाव लावलं तर यावं लागेल. अभ्यास करावा लागेल. मुद्दाम नापास होणाऱ्याला मी ठेवत नाही."

"मुद्दाम कशाला?" काकी म्हणाली. "मनापासून होईन."

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "खुंटी आणली आहे?"

काकी खाली गेली. सासूने लाँड्री सुरू केली ती एका जड लोखंडी इस्त्रीवर. इस्त्री कधीच गंजून गेली होती, पण तिची लाकडी मूठ काकीने माळ्यावर ठेवली होती. तीन बायांच्या तळहातांनी काळी झालेली. ती मूठ, एक स्क्रू आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती जिन्यात आली. भिंतीवर रिकामी जागा शोधायला वेळ लागला. पायडल आणि नळाच्या चावीच्या मधे एक मिळाली. पहिल्यांदा गिलावा सुटला, पांढरी माती तिच्या केसांत पडली. मुंगी मदतीला पुढे आली.

"लांब हो," काकी म्हणाली. "आपली आपण ठोकायची असते. नियम माहीत नाही का?"

दुसऱ्यांदा स्क्रू बसला. साहेब बूट घालायला वाकले होते ते तसेच वाकून बघत राहिले. काकीने मूठ ओढून पाहिली, लोंबकळून पाहिली आणि आपला ओला ॲप्रन तिच्यावर टांगला. त्याचं पाणी तिसऱ्या पायरीवर ठिबकू लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलची गाडी लवकर आली. चादरींचा ढीग काकीच्या छातीला लागला. मुलगा गाडी घेऊन गेला होता, बॉयलर कुरकुरत होता, आणि प्रेसवरची चादर अर्धी झाली होती, तेवढ्यात वर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. काकीने सवयीने हात पुढे करून ड्रायर बंद केला.

"हमाल?" वरून बाईंचा आवाज पडला.

"बाजारात. दुपारी येतो."

"टोपी?"

"हा काय, आलो, आलो," जिन्यावरून कुणीतरी धावत गेलं. तिसरी पायरी वाजली.

बाई चेहऱ्यांवरून नजर फिरवत असणार.

"काकी?"

काकीचा हात प्रेसच्या दांड्यावर होता. तो तिथेच राहिला. जन्मभरात तिला घरातून, गल्लीतून, गिऱ्हाइकांतून हजार हाका आल्या होत्या, आणि प्रत्येक हाकेमागे काहीतरी काम होतं. ही हाक नुसती ती कुठे आहे, एवढंच विचारत होती.

"खाली आहे, बाई," मुंगीचा आवाज आला. "चादरी आल्यात. मला माहीत आहे. येईल ती."

वर धडा सुरू झाला. काकीने ड्रायर लावला नाही. राहिलेली अर्धी चादर तिने पुरी केली, घडी घातली, चारी कोपरे जुळवले. मग दारावर "आत्ता येते" अशी पाटी उलटी लागली होती ती सुलटी केली, जिन्यापाशी आली आणि खाली बसून चपला काढल्या.